शोधनिबंध कुणाला मिळतो, कुणावर परिणाम करतो?

लंडनहून निघणाऱ्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या ४ डिसेंबर १९९९ च्या अंकात गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांवरचा एक शोधनिबंध छापून आला. लिहिणारे होते डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च' संस्थेतले त्यांचे सहकारी. प्रश्न असा होता: दवाखाना दूर, डॉक्टर हाताशी नाही, अशा गावात तिथल्याच थोड्याफार शिकलेल्या बाईला नीट तयार केले आणि तिने घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर किती बाळे वाचतील? ३९ गावांत हे काम झाले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत नेहमीची आरोग्यसेवाच चालू राहिली. तिसऱ्या वर्षी, त्या ४७ गावांशी ताडून पाहता, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी जायचा कार्यक्रम देशभर लागू झाला. बाळंतपण दवाखान्यात झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात. या कार्यक्रमाची मुळे गडचिरोलीतल्या त्या कामात आहेत. म्हणजे एका शोधनिबंधातली गोष्ट आज गावोगावच्या घरात पोचली आहे.

आता त्याच जिल्ह्यातल्या नर्सिंगच्या एखाद्या विद्यार्थिनीला हा निबंध मुळातून वाचावासा वाटला तर? तिच्या वाटेत तीन अडथळे येतात. शोधनिबंध बहुधा पैसे देऊन मिळतात, ते इंग्रजीत असतात, आणि ते वाचायचे कसे हे आपल्याकडे बीएला, बीएस्सीला कुणी बसून शिकवत नाही. शोधनिबंधाचा परिणाम लाखोंवर होतो आणि तो उघडून पाहणारी माणसे मात्र मोजकीच राहतात, ही स्थिती मला धोक्याची वाटते. ती का धोक्याची, हे एका पत्राच्या उदाहरणावरून पुढे दिसेल. आधी पैशाचे पाहू.

लिहिणारा फुकट, तपासणारा फुकट, वाचणारा मात्र विकत

शोधनिबंध म्हणजे संशोधकाने आपल्या क्षेत्रातल्या इतर जाणकारांपुढे ठेवलेला लेखी दावा: मी हे पाहिले, असे मोजले, त्यावरून हे म्हणतो, आता तुम्ही तपासा. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, त्याच वर्षी त्याच्या थोडे आधी पॅरिसमध्येही असेच एक नियतकालिक निघाले, आणि तेव्हापासून हा रिवाज चालत आला आहे. बातमी किंवा ललित लेखापेक्षा तो वेगळा पडतो तो एका टप्प्यामुळे. संपादक मजकूर त्याच विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतात, ते शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात, कधी सरळ नकार देतात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात. तो खरेपणाचा शिक्का नव्हे. तज्ज्ञाला लेखकाच्या प्रयोगशाळेत जाऊन पाहता येत नाही, समोर आलेल्या कागदावरूनच त्याला मत द्यावे लागते. तरी ढोबळ चुका गाळणारी ही चाळणी आहे आणि ती असणे फार मोलाचे आहे.

लेखकाला या लेखाचे मानधन मिळत नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही सहसा काही मिळत नाही. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा सरकार, म्हणजे आपण कर भरणारे लोक करतो. छापण्याआधी लेखक हक्क प्रकाशकाच्या नावे करून देतो आणि मग तोच लेख विद्यापीठांची ग्रंथालये वर्गणी भरून विकत घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनावर सरकारी पैसा प्रचंड वाढला, तेव्हा हा धंदा किती फायद्याचा होऊ शकतो हे रॉबर्ट मॅक्सवेलसारख्या प्रकाशकांनी ओळखले. त्यांची पर्गमॉन प्रेस १९९१ मध्ये डच कंपनी एल्सेव्हियरने घेतली. आज एल्सेव्हियरच्या मूळ कंपनीचा विज्ञान-प्रकाशन विभाग तीस टक्क्यांहून जास्त नफा कमावतो. दर पुढे इतके वाढले की हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाच्या प्राध्यापक समितीने २०१२ मध्ये या वर्गण्या आपल्याला यापुढे पेलणार नाहीत असे जाहीर सांगितले. तिथे ही गत, तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजचे काय? तुम्ही एकट्याने एक लेख विकत घ्यायचे म्हटले तर तीस-चाळीस डॉलर सहज मागितले जातात. म्हणजे तीनेक हजार रुपये, आणि तेही लेख आपल्या कामाचा आहे की नाही हे कळायच्या आधीच. पडद्यावर सारांश दिसतो आणि पुढे पैशाची भिंत उभी राहते. तिला पेवॉल म्हणतात.

ही भिंत पाडायचे प्रयत्न जुने आहेत. १९९१ च्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने एक सोय सुरू केली. छापून येण्याआधीचा आपला लेख शास्त्रज्ञांनी तिथे टाकायचा आणि ज्याला हवा त्याने फुकट घ्यायचा. तीच आजची 'अर्काइव्ह'. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र या विषयांत आज आधी इथे पाहायचे आणि मग जर्नलची वाट धरायची, अशी पद्धतच पडून गेली आहे. अशा लेखाला प्रीप्रिंट म्हणतात, आणि त्याची तज्ज्ञांकडून तपासणी झालेली नसते हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने 'ओपन ॲक्सेस' ही मागणी स्पष्ट शब्दांत मांडली: संशोधन कुणालाही, कुठेही, विनामूल्य वाचता यावे.

त्यातून वेगवेगळ्या वाटा निघाल्या. एक अशी की लेख वर्गणीच्या नियतकालिकातच यावा, पण लेखकाने आपली प्रत विद्यापीठाच्या किंवा सार्वजनिक संग्रहात ठेवावी. दुसरी वाट वाचकाला फुकट आहे, पण छापायचे पैसे लेखकाकडून घेते. 'नेचर'ने २०२१ पासून त्यासाठी ९,५०० युरोंचा दर लावला. आपल्याकडच्या एखाद्या प्राध्यापकाने हा पैसा आणायचा कुठून? वाचकापुढची भिंत उचलून लेखकापुढे नेऊन ठेवली, एवढाच त्याचा अर्थ होतो. मला सर्वांत पटते ती तिसरी वाट, जिच्यात दोघांकडूनही पैसे घेतले जात नाहीत आणि खर्च संस्था उचलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचे 'रेझोनन्स' हे मासिक १९९६ पासून निघते, ते खास विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असते आणि जुन्या अंकांसह फुकट वाचता येते. बीएस्सीच्या मुलांनी कुठून सुरुवात करावी असे कुणी विचारले तर मी डोळे मिटून हेच नाव सांगेन.

काहींनी कायद्याबाहेरची वाट धरली. ॲरन स्वार्ट्झ या अमेरिकन तरुणाने एमआयटीच्या नेटवर्कवरून 'जेस्टोर' या संग्रहातले लाखो लेख उतरवून घेतले. २०११ मध्ये त्याला अटक झाली, त्याच्यावर गंभीर फौजदारी गुन्हे लावले गेले आणि खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानने २०११ मध्ये पेवॉलमागचे लेख फुकट देणारे 'साय-हब' हे संकेतस्थळ काढले. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते वापरले, भारतातल्याही. डिसेंबर २०२० मध्ये तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. इतकी मुले चोरवाटेने का जात होती, हा प्रश्न त्या आदेशाने सुटलेला नाही.

त्याच न्यायालयाचा आणखी एक निकाल मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या 'रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस' या झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ मध्ये तीन परदेशी प्रकाशकांनी दावा लावला. प्राध्यापकांनी अभ्यासाला लावलेल्या पुस्तकांतली प्रकरणे झेरॉक्स करून, एकत्र बांधून ते दुकान मुलांना विकत असे. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट देते, हा त्याचा आधार होता. पुढे अपिलात काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले गेले, पण शिकवण्यासाठी लागेल तेवढा भाग घेता येतो हे तत्त्व टिकले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. खासगी अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापर करायलाही हेच कलम मुभा देते.

आज, भारतात, हातात काय आहे?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक, असा तिचा पसारा आहे. गांधीनगरचे 'इन्फ्लिबनेट' केंद्र ती चालवते. प्रत्येक संस्थेने वेगळी घासाघीस करण्यापेक्षा देशाने एकत्र बसून भाव ठरवावा, हा विचार चांगला आहे.

पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांपासून सुरू झाली आहे, आणि महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. शिवाय कॉलेजबाहेरच्या वाचकाचे काय? निवृत्त शिक्षक, वकील, पत्रकार, शेतीत प्रयोग करणारा पदवीधर, आपल्या आजाराविषयी वाचू पाहणारा रुग्ण, यांना या योजनेत लॉगिन नाही. म्हणून आधी ग्रंथपालांना गाठा. आपले कॉलेज यादीत आहे का, घरून लॉगिन मिळते का, नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का, हे विचारा. महागड्या वर्गण्या भरलेल्या असतात, लॉगिन तयार असते, आणि मुलांना त्याचा पत्ताच नसतो, असे फार ठिकाणी आहे.

लॉगिन नसले तरी वाट संपत नाही. गुगल स्कॉलरवर लेखाचे पूर्ण शीर्षक टाका. उजवीकडे पीडीएफचा दुवा दिसला तर काम झाले. नसेल तर खाली 'सर्व आवृत्त्या' असा दुवा असतो, त्यात बहुतेक वेळा लेखकाने कुठेतरी ठेवलेली प्रत सापडते. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' हे छोटे एक्स्टेन्शन बसवून घेतले की लेखाची कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर ते स्वतःच दाखवते. वैद्यकाचे लेख 'पबमेड सेंट्रल'वर पाहावेत. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य यांसाठी जेस्टोरवर मोफत खाते उघडले की दर महिन्याला ठरावीक लेख पडद्यावर वाचता येतात. भारतातल्या पीएचडीचे लाखो प्रबंध 'शोधगंगा'वर कुणालाही खुले आहेत, आणि एखाद्या विषयावर आधी काय काम झाले आहे याचा आढावा प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात जितका सविस्तर मिळतो तितका दुसरीकडे क्वचितच मिळतो.

यांतले काहीच चालले नाही तर लेखकाला ईमेल करा. पत्ता लेखाच्या पहिल्या पानावर असतो. तुम्ही कोण, काय शिकता, कोणता लेख हवा आहे आणि कशासाठी, चार ओळींत लिहा. आपला लेख कुणाला तरी वाचायचा आहे याचा आनंद बहुतेक संशोधकांना होतो आणि ते प्रत पाठवून देतात. आपली मुले इथे उगाच संकोचतात. एवढ्या मोठ्या माणसाला कसे लिहायचे, असे त्यांना वाटते. लिहावे.

'प्रभाव' मोजतात तो कसा

कुठला निबंध प्रभावी हे ठरवायची रूढ रीत म्हणजे त्याचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला ते मोजणे. हा उल्लेख म्हणजे सायटेशन. त्यामागची कल्पना उत्तम आहे, आणि तिचे एक सुंदर उदाहरण आपल्या घरचे आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींची यंत्रणा, उगम आणि वाढ यांवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्यात ते सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले या आधीच्या अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासतात आणि मग डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांकडे येतात, पुढे मराठीत ज्ञानकोश उभारणाऱ्या त्याच केतकरांकडे. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर त्यांच्या चिकित्सक दृष्टीचे मोल मान्य करतात आणि दाखवून देतात की ही दोन वेगळी लक्षणे नव्हेत, एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत. लग्नाला बंदी असली की बाहेरच्याला जन्माने आत यायला वाटच उरत नाही. तिथून ते जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे या सिद्धान्तापर्यंत जातात. संदर्भ द्यावा तो असा. आधीच्याचे म्हणणे नेमके मांडायचे, त्यातले बरोबर असेल ते स्वीकारायचे आणि पुढे एक पाऊल टाकायचे. हा निबंध आज इंटरनेटवर पूर्ण आणि फुकट मिळतो. शोधनिबंध कसा लिहावा हे शिकणाऱ्याने तो जरूर वाचावा.

मोजणीचे यंत्र मात्र यातला कस पाहत नाही, फक्त आकडा पाहते. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून विज्ञानातल्या सायटेशनची सूची छापायला सुरुवात केली. कुठल्या विषयावर कोण काय म्हणतो हे शोधायला ती फार उपयोगी होती. त्यातूनच 'इम्पॅक्ट फॅक्टर' आला. हिशेब सोपा आहे. एखाद्या नियतकालिकाने २०२३ आणि २०२४ मध्ये मिळून १०० लेख छापले आणि २०२५ मध्ये त्यांचा २५० वेळा उल्लेख झाला, तर २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५. ही सरासरी आहे. त्या २५० पैकी दीडशे उल्लेख दोनच लेखांचे असू शकतात आणि तीस लेखांना एकही मिळालेला नसू शकतो. म्हणून नियतकालिकाच्या आकड्यावरून त्यातल्या एका लेखाची किंमत करणे चूक आहे. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने व्यक्तीसाठी 'एच-इंडेक्स' सुचवला. तुमच्या दहा लेखांचे प्रत्येकी किमान दहा उल्लेख झाले असतील तर तुमचा एच-इंडेक्स दहा. विषय बदलला की हे आकडे बदलतात. गणितात उल्लेख कमी होतात, वैद्यकात पुष्कळ. मराठवाड्यातल्या दुष्काळावरच्या उत्तम लेखालाही जागतिक सूचीत फारसे उल्लेख मिळणार नाहीत, कारण त्याचे वाचक त्या सूचीबाहेर आहेत.

खरा परिणाम या मोजणीबाहेर घडतो. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी जानेवारी १९७१ मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त भारतातल्या दारिद्र्यावर दोन भागांत लेख लिहिला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी मोजपट्टी त्यांनी लावली. दारिद्र्यरेषा कुठे आखायची हा वाद पुढे कित्येक दशके चालला, आणि त्यात हा लेख टाळून कुणाला बोलता आले नाही. कुठलाही इंडेक्स हे पुरते सांगू शकत नाही.

आता ते पत्र. १९८० च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बोस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र आले. रुग्णालयात दाखल असताना अफूच्या जातीची वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या, आणि आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची खात्रीची नोंद सापडली. एवढेच त्यांचे म्हणणे होते. रुग्णालयात, देखरेखीखाली, त्या काळापुरते. घरी महिनोन्महिने या गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात एक अक्षर नव्हते.

पण पुढच्या काळात 'या औषधांनी व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून हेच पत्र पुढे केले जाऊ लागले. १९९६ मध्ये याच जातीचे 'ऑक्सिकॉन्टिन' हे औषध बाजारात आले तसे हे उल्लेख वाढले. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात हिशेब मांडला: पत्राचे ६०८ उल्लेख झाले होते, त्यांतल्या सुमारे ७२ टक्के लेखांनी ते व्यसन लागत नसल्याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि सुमारे ८१ टक्के लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. या औषधांच्या व्यसनाने अमेरिकेत लाखोंचे बळी गेले. ऑक्सिकॉन्टिनच्या कंपनीने व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ मध्ये कबूल केला. पाच वाक्ये वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही. शेकडो तज्ज्ञांनी तेवढे वाचून पाहिले असते किंवा वाचलेले प्रामाणिकपणे मांडले असते, तर हा समज इतका पसरला नसता. शोधनिबंध सहज मिळाला पाहिजे, असे मी ज्या कळकळीने म्हणतो त्याचे कारण हे आहे. मूळ मजकूर हाताशी नसला की माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबतो, तिसरा दुसऱ्यावर विसंबतो, आणि चूक वाढत जाते.

निबंध वाचायची रीत

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचायचा नसतो. आधी सारांश वाचा, मग थेट शेवटच्या चर्चेकडे जा. लेखक काय म्हणतो हे कळले की मागे या आणि 'पद्धती' हा भाग वाचा. नवखा वाचक नेमका तोच गाळतो, आणि सगळी मेख तिथेच असते. कुणाला मोजले, कितींना, किती काळ, कुणाशी तुलना केली?

गडचिरोलीचा निबंध समोर धरू. आधीच्या दोन वर्षांत, १९९३ ते १९९५ मध्ये, दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ५८ होते. दोन्ही गट जवळपास सारखे होते, हे पहिले महत्त्वाचे. तुलनेची गावे नसती तर कुणीही म्हणू शकला असता की पाऊसपाणी बरे झाले, रस्ते आले, मृत्यू आपोआप घटले. मग ६२ टक्के हा आकडा नेमका कशाचा? तुलनेच्या गावांत या काळात झालेला बदल वजा जाऊन उरलेल्या घटीचा. पुढे आणखी एक आकडा आहे: जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. म्हणजे घटीचा मोठा वाटा संसर्ग ओळखून घरीच प्रतिजैविके देण्याचा होता. हे वाचल्यावर चौकस वाचक लगेच विचारेल की देशभरच्या कार्यक्रमात हा भाग गेला का. इंजेक्शन देण्याचा भाग आशांच्या नेहमीच्या कामात तसाच्या तसा उतरलेला नाही. मग गडचिरोलीतला ६२ चा आकडा देशभरच्या कार्यक्रमाला सरसकट लावता येईल का? नुसता सारांश वाचून हा प्रश्न सुचला नसता.

निबंध मागे घेतला गेला आहे का, हेही पाहायचे असते. १९९८ मध्ये लॅन्सेटमध्येच अँड्र्यू वेकफिल्ड यांचा गोवराच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडू पाहणारा, फक्त १२ मुलांवरचा निबंध आला. तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला, पण त्याने पेरलेली भीती अजून गेलेली नाही. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'ची यादी आता सर्वांना खुली आहे, तिच्यात नाव टाकून पाहता येते. एआयने सुचवलेला संदर्भ तर तपासल्याशिवाय कधीच वापरू नये. आजच्या बहुतेक निबंधांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ पान उघडते. उघडले नाही किंवा भलताच लेख निघाला तर तो संदर्भ बाजूला ठेवा.

पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही बोकाळली आहेत. बढतीसाठी आणि पीएचडीसाठी छापील लेखांची सक्ती झाली तेव्हा त्यांचे फावले. प्रा. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले की यूजीसीच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ तपासली, तर ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. त्यानंतर 'यूजीसी-केअर' ही यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता पारख संस्थांनी आणि आपणच करायची आहे. चार दिवसांत छापतो म्हणणारे, संपादक मंडळातल्यांचे पत्ते न देणारे, कुठल्याही विषयाला हो म्हणणारे नियतकालिक दिसले की पैसे भरू नका, आणि त्यातला लेख पुरावा म्हणून वापरू नका.

आणि मराठीत?

मराठीत विद्वत्तेची नियतकालिके कमी नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, वाईहून निघणारे 'नवभारत', 'भाषा आणि जीवन', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. इंग्रजी निबंध वाचताना पारिभाषिक शब्द अडला तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यातली नोंद आधी वाचली तर निम्मे ओझे उतरते. जागतिक सूचींत मात्र ही नियतकालिके जवळजवळ नाहीतच, त्यामुळे त्यांतल्या लेखांचे उल्लेख मोजलेही जात नाहीत.

त्याहून मोठी अडचण तांत्रिक आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. शोधगंगेवरचे पुष्कळ मराठी प्रबंध आणि नियतकालिकांचे बरेच अंक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसते, पण त्यातला मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरे उमटतात, आणि गुगलला आत काय लिहिले आहे ते कळत नाही. वाचकाने अचूक शब्द टाकून शोधले तरी तो प्रबंध पुढे येत नाही. यात भिंत पैशाची नाही, आणि ती पाडायला कुणाची परवानगीही लागत नाही. आज मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याने तो युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावा, शीर्षक आणि सारांश मराठी व इंग्रजी दोन्हींत द्यावा, स्कॅनऐवजी मूळ फाइलवरून काढलेली पीडीएफ जमा करावी. जमा करण्याआधी तिच्यातले एक वाक्य निवडून शोधाच्या चौकटीत डकवून पाहावे. ते जसेच्या तसे उमटले तर प्रबंध शोधणाऱ्याला सापडेल.